घटकाभराचे बहिरे

ये गं, जवळ बस. आणि तो मोबाईल पालथा घाल आधी. माणूस बोलत असताना खाली बघायचं, ही कुठली रीत?

तर ऐक. माझी धाकटी जन्मापासून बहिरी. तिला आरशासमोर बसवून मी ओठ वाचायला शिकवलं, कुणाला न विचारता, माझं मीच डोकं चालवून. पुढे ती चित्रकला शिक्षिकेची परीक्षा पास झाली, वाघोलीच्या एका नव्या शाळेत तिनं अर्ज केला. तेव्हा खराडीत काचेच्या इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या. त्यातल्याच एका कंपनीनं त्या शाळेच्या शिक्षकांसाठी शिबिर ठेवलं. अपंगांना वर्गात, कलेत सामावून कसं घ्यायचं, ते शिकवायला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मुलीला आणा, तिची चित्रंही आणा. आमच्या लोकांना सराव होईल." आम्हाला वाटलं, नोकरी झालीच.

आधी सगळ्यांच्या कानात कापसाचे बोळे. म्हणे बहिरेपणाचा अनुभव घ्या. नाटक शिकवणाऱ्या बाई खिदळल्या, "अहो, काय शांत वाटतंय! सासूबाईंसमोर असंच बसते आता." लेकही हसली, तिनं ते ओठांवरून वाचलं होतं. मग बहिऱ्यांना दिसावी म्हणून टाळीऐवजी दोन्ही हात वर करून हलवायला शिकले सगळे. तिच्यासाठी हलवले. एकदोघे गहिवरलेसुद्धा!

चहाच्या वेळी मुख्याध्यापिका आणि त्या नाटकवाल्या बाई हॉलच्या पार त्या टोकाला, खिडकीशी कुजबुजत होत्या. लेक टक लावून बघत होती, बिस्कीट हातात तसंच.

निघताना मुख्याध्यापिकांनी तिच्या गालाला हात लावला. शिबिरात शिकवल्याप्रमाणे तोंड समोर करून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "आम्ही क-ळ-व-तो हं."

मुलगी बघून जाणारेही हेच म्हणतात, नकार द्यायचा असला की.

"कळलं," लेक म्हणाली, तिच्या त्या जड, सपाट आवाजात. "खिडकीशी म्हणालात ना, चित्रं भिंतीला लावू, हिला कशाला वर्गात, पोरं नकला करतील."

मुख्याध्यापिका तिच्याशी नाही, माझ्याशी बोलल्या. "अहो, मुलीला जरा वळण लावा. दुसऱ्यांचं असं चोरून ऐकू नये."

चित्रं मात्र ठेवून घेतली.

आता ती खराडीतच एका कंपनीत संगणकावर आकडे भरते. रंगांची पेटी माळ्यावर. मी खाली काढली की चिडते. तुझ्या नातीला चित्रकलेचा नाद आहे म्हणालीस ना? या रविवारी घेऊनच ये तिला. माझं ऐकत नाही ही लेक. पोर समोर येऊन बसली, तर कदाचित पेटी उघडेल.