भाड्याचा व्हिडिओ आणि मंगलची बी.ए.

पाथर्डीतल्या आमच्या गल्लीनं एका रविवारी दुपारी अर्थशास्त्राचा अभ्यास केला, आणि ती सगळी व्यवस्था माझी होती.

झालं असं, की माझी बायको मंगल घरी बसून बी.ए. करत होती. लग्नात सुटलेलं शिक्षण तिनं लेकरं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा धरलं. विद्यापीठ पोस्टानं पुस्तकं पाठवायचं, पण अर्थशास्त्र काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. शेवटी नगरच्या अभ्यासकेंद्रातून प्राध्यापकांच्या व्याख्यानाची व्हिडिओ कॅसेट मिळाली. सोमवारी कॅसेट परत, मंगळवारी पेपर! टीव्ही आमच्याकडे होता. कॅसेट लावायचा व्हिडिओ भाड्यानं आणायचं काम मी, एसटीतला कंडक्टर, अंगावर घेतलं.

तो गुपचूप आणायला हवा होता. मी मात्र तो डबा खांद्यावर घेऊन भर बाजारातून आलो (कंडक्टरला गर्दीशिवाय करमत नाही!). आता गल्लीचा रिवाज असा, की ज्याच्या घरी व्हिडिओ येईल त्यानं सगळ्यांना पिक्चर दाखवायचा. आम्हीही दुसऱ्यांकडे फुकटात पुष्कळ पाहिले होते. मी घरी पोचेपर्यंत गल्ली पोती अंथरून बसलेली!

"अवो, अभ्यासाचं हाय त्ये," मंगल कळवळून म्हणाली.

"असू दे की. आमाला समदं चालतंय," शेजारच्या शकीलाभाभी ऐसपैस बसत म्हणाल्या.

पडद्यावर टक्कल पडलेले सर आले. त्यांनी फळ्यावर रेघ ओढली.

"हिरो लई म्हातारा हाय," कुणीतरी म्हणालं.

"हिरोचा बाप असंल. दम धरा."

अर्धा तास दम धरूनही सरांना मुलगा होईना! गलका वाढला. कोपऱ्यात चेपलेल्या मंगलला ना फळा दिसत होता, ना सर ऐकू येत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी घोषणा करतो.

"शांत बसा! ह्ये संपलं की पिक्चर!"

घरात पिक्चरची कॅसेटच नव्हती.

व्याख्यान संपलं. "मला परत पहिल्यापासनं बगायचंय," मंगल म्हणाली.

"परत त्योच म्हातारा?" एकच हलकल्लोळ! तेव्हा मंगल मला एकदम गोड आवाजात म्हणाली, "तुमी दुकानातनं पिक्चर आना. समद्यांना घेऊन जा, पसंत कराया."

मी मिरवणूक घेऊन निघालो. भांडून-तंडून एक मारामारीचा पिक्चर ठरला. परत येतो तर दाराला आतून कडी, आणि आत सर बोलतायत!

"मंगल, दार उघड! मानसं खोळंबलीत!"

"पेपर माजा हाय!"

आता लोक मला फाडून खाणार म्हणून मी पायरीवर अंग चोरून बसलो. पण गल्लीतले वयस्कर दगडूनाना म्हणाले, "बसा रं गप. पोरगी शिकतीया." शकीलाभाभींनी एक रडकं पोर उचलून कडेवर घेतलं. बाकीचेही हूं की चूं न करता ओट्यावर टेकले. त्या क्षणी मला त्या माणसांबद्दल फार माया वाटली.

मंगल पास झाली. पेढे वाटताना मी ज्याला त्याला सांगत होतो, "तिच्या शिक्षणात माजाबी वाटा हाय बरं का!"

"हाय की," मंगल म्हणाली. "मी कडी घातली, आन् ह्ये गप भाईर बसले."