यंदाची मिरची

सासूबाईंनी ताट पहिल्यांदा सरकवलं, तेव्हा उन्हाळा सरत आला होता. ऐंशी सालानंतरची गोष्ट. खानदेशात चोपड्याकडे आमची केळीची शेती, घरात खाणारी तोंडं पुष्कळ आणि चुलीपुढे मी एकटी.

"कितली मिरची टाकी वं?" त्या म्हणाल्या. "तोंडनी आग व्हई ऱ्हायनी."

मी भाजी चाखून पाहिली. रोजच्यासारखीच होती. पण सासूला उलट बोलायची आमच्यात रीत नव्हती, म्हणून गप्प बसले. खरं तर ही बाई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर ठेच्याचा गोळा घेऊन खाणारी. पुण्याचे पाहुणे शेवभाजी खाताना पाणी पीत सुटले की पदराआड हसणारी.

आमच्याकडे काळा मसाला उन्हाळ्यात एकदा करतात आणि तो वर्षभर वापरतात. गल्लीतल्या बायका जमल्या, मसाल्याचा वास घेतला आणि निकाल दिला, यंदाची मिरचीच वाईट. झालं. तो सगळा मसाला लोकांना देऊन टाकला आणि मी पुन्हा मिरच्या भाजायला बसले. त्या धुरात बसणं काय असतं, ते बसणारीलाच ठाऊक. दुसऱ्या मसाल्यानेही त्यांचं तोंड पोळलंच. मग माझा हातच जड ठरला. मी त्यांची भाजी वेगळी, फिकी करू लागले. पुढे त्या दुधात भाकरी कुस्करून खाऊ लागल्या. घराला त्याचीही सवय झाली, हे सगळ्यात वाईट.

मिसरीवर मात्र कोणाचा संशय गेला नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि हाताने चुरडायची, की झाली मिसरी. सकाळी दात घासायला, दुपारी जेवण झाल्यावर, संध्याकाळी उगाच. खालच्या ओठात धरून त्या धान्य निवडत बसायच्या. मिसरीने दात पक्के राहतात, असं बठ्ठ्या, अगदी सगळ्या गावाचं मत. तीही मीच भाजायची.

दिवाळीच्या आधी त्यांनी स्वतःच मसाला करायला घेतला. मिरची त्यांनीच निवडली, नुसत्या रंगाची, बिनतिखट. मला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. संध्याकाळी भाजी झाली. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. एवढे महिने बोलणी खाल्ल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. मिरची माझी नव्हती, हात माझा नव्हता. आता उरलं होतं फक्त त्यांचं तोंड.

सकाळी अंगणात ऊन आल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, तोंड दाखवा." असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी मान फिरवली. मग काय वाटलं कोण जाणे, परत वळल्या आणि ओठ खाली ओढला. मिसरी जिथे धरायच्या, नेमका तिथे पांढरा डाग होता, दुधावरच्या सायीसारखा. पदराने पुसला, तरी जाईना.

नवरा म्हणाला, केळीची कापणी उरकू दे, मग नेऊ. माझं डोकंच फिरलं. "केळी थांबेल नाहीतर सडेल," मी म्हटलं, "मी आज यांना जळगावला घेऊन जाते." आणि एस.टी.ने नेलंही. डॉक्टरांनी डागाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत रात्री त्या जाग्याच असायच्या. मीही.

कॅन्सर नव्हता. पण डॉक्टर स्पष्ट म्हणाले, हा डाग त्याच वाटेवरचा आहे, वेळेवर आलात. मिसरी आजपासून बंद, आणि दर काही महिन्यांनी तोंड दाखवायला यायचं. घरी येऊन त्यांनी मिसरीची डबी उकिरड्यावर फेकली.

डबी फेकणं सोपं होतं. पुढचे महिने त्या सगळ्यांवर खेकसत होत्या, भांडी आपटत होत्या, बडीशेप चघळत घरभर फिरत होत्या, आणि शेजारणी प्रेमाने मिसरी पुढे करत होत्या. जळगावच्या फेऱ्या, दोन-दोन भाज्या, त्यांचा राग. मी अगदी थकून गेले होते. डाग आक्रसतोय, असं डॉक्टर म्हणायचे. मला त्याचा आनंद मानायलाही जोर उरला नव्हता.

अशाच एका दुपारी दुसरी भाजी टाकायचं माझ्याने होईना. सगळ्यांची वांग्याची भाजी, माझ्या हातच्या त्याच काळ्या मसाल्याची, त्यांच्याही ताटात वाढली आणि भिंतीला टेकून बसले. काय बोलायचं ते बोलू देत, म्हटलं. त्यांनी घास घेतला. मग दुसरा. भाकरी संपली तेव्हा अजून एक मागितली.

"तिखट लागतंय का, आत्या?" मी विचारलं.

"तिखट बरोबर शे," त्या म्हणाल्या. "मीठ कमी शे."

मी मिठाचा डबा आणायला उठले, आणि आतल्या खोलीत जाऊन पदर तोंडात धरून रडले.