खेकडा, ठेचा आणि सासूबाईंचा ‘ला’

आमच्या घरात किस्से जमवावे लागत नाहीत. चार माणसं एका टेबलाशी बसली की दोन-तीन आपोआप सांडतात! लग्नाला पाचच महिने झालेत, पण माझ्याकडे माहेरच्या साड्यांपेक्षा सासरचे किस्से जास्त झालेत. हे अंदमानच्या एकाच जेवणातले.

आधी एक सांगते. मी अमरावतीची, लग्नाआधी राजापेठेतल्या एका क्लासमध्ये मराठी शिकवायचे. अकोल्याची ही मंडळी मला पाहायला आली, तेव्हा घाबरून मी वर्गातलीच मराठी बोलले. “आपण चहा घ्यावा.” झालं! ‘सून लय शुद्ध बोलते’ म्हणून सगळं घर माझ्यासमोर जपून बोलायला लागलं. नीलेशला, म्हणजे नवऱ्याला, “तुले भूक लागली का बे?” आणि मला, “तुला भूक लागली आहे का?” आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, तोंडून तो ‘ला’ असा निघायचा, जशी पाहुण्यांसाठी कपाटातली कपबशी. माहेरी मीसुद्धा ‘ले’च बोलते. पण हे आता सांगायचं कसं?

०

हॉटेल सुचवलं बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, जुन्या साहेबांनी. “तिथला खेकडा नाही खाल्ला, तर अंदमानले गेलेच नाही समजा!” बाबांनी हॉटेलचं नाव कागदावर लिहून शर्टाच्या खिशात ठेवलं.

एअरपोर्टवर तपासणीवाल्यानं खिशाकडे बोट दाखवलं, “इसमें क्या है?”

बाबा म्हणाले, “हॉटेल!”

०

हॉटेल अगदी पाण्याला लागून. बाबा खुर्चीत बसले आणि बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले. मला वाटलं, भारावले.

“एवढं पानी,” ते म्हणाले, “अन् आपला नळ पाहा!”

०

बाबांना मासा हवा होता, पण घशात काही अडकायची भीती. वेटर बंगाली. बाबांनी आपल्या अकोल्याच्या हिंदीत त्याला ठणकावलं, “देखो भाऊ, काटा बिलकुल नहीं होना!”

त्यानं अदबीनं मान डोलावली आणि टेबलावरचे चारही काटे उचलून नेले.

मासा काट्यांसकट आला!

०

पहिला घास खाऊन आईंनी विचारलं, “हे आजारी मानसाचं हाय का?” आणि पर्समधून स्टीलची डबी काढली. ठेचा!

वेटर म्हणाला, “बाहर का खाना अलाऊड नहीं है.”

आई म्हणाल्या, “ये खाना नहीं, दवाई है!”

तो आत गेला आणि कुकलाच घेऊन आला. कुकनं बोटावर जरासा ठेचा घेतला, चाटला, खोकला, दोन ग्लास पाणी प्यायला. डोळे पुसत म्हणाला, “थोडा और मिलेगा?”

आईंनी डबी पुढे केली. “पेट भरके खाना है, तो अकोला आना पडेंगा!” मिरच्या मी निवडल्या होत्या. त्यामुळे थोडी कॉलर माझीही टाइट झाली.

०

मग तो खेकडा आला. एकच, पण परातीएवढा! सोबत फोडायला लोखंडी चिमटा. बाबा म्हणाले, “अडकित्ता देल्ला, सुपारी कुठी हाय?”

खेकड्याला मोठ्या नांग्या दोनच. एक नीलेशनं बाबांच्या ताटात वाढली. मी हळूच ताट पुढे सरकवलं. आई लगबगीनं म्हणाल्या, “तिला नको रे, हात खराब होतील. तिला भात दे.” नीलेशनं दुसरी नांगी उचलली.

मामाच्या गावच्या नदीतले खेकडे फोडण्यात माझं लहानपण गेलेलं. आणि इथे मला भात!

तोंडून निघूनच गेलं, “कावून? मले कावून नाही देऊन राहिले? मी का पाहुनी हाओ का?”

बाबांचा अडकित्ता अर्ध्यावर थांबला. नीलेश माझ्याकडे पाहतच राहिला.

आईंनी त्याच्या हातातून नांगी ओढून घेतली आणि माझ्या ताटात ठेवली.

“खाय वं माय! पाच महिन्यांपासून ‘ला-ला’ करून जीभ दुखून राहिली होती माही!”