काकांच्या गुडघ्यांची साक्ष

आमचे मोठे काका आयुष्यभर जहाजावर होते. निवृत्त होऊन आचऱ्याला आले तेव्हा गुडघे कामातून गेले होते. मालवणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वजन कमी करायला सांगितलं. वजनाचं ऐकताच काकांचा वैद्यकशास्त्रावरचा विश्वास उडाला. गोळ्या म्हणजे नुसतं केमिकल, असं जाहीर करून त्यांनी मला, म्हणजे पुतणीला, स्कूटर काढायला लावली आणि बाजारातल्या एका दुकानात नेलं.

तिथे एक चूर्ण मिळायचं. संधिवात, मधुमेह, मूळव्याध आणि पक्षाघात मुळापासून बरे, असं डब्यावर छापलेलं. शिवाय मुलांची स्मरणशक्तीही वाढायची. एवढी कामं करून दुष्परिणाम मात्र एकही नाही. मी शंका काढली तर शिकलेल्यांना सगळ्यातच खोट दिसते, असं काकांकडून ऐकून घ्यावं लागलं.

आणि चूर्ण लागू पडलं. काका टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या काठीशिवाय चढू लागले. भूक वाढली, चेहरा गोल झाला. तब्येत सुधारली म्हणून गावाने कौतुक केलं आणि अर्धी वाडी चूर्णावर आली.

एका सकाळी आम्ही दोघं नवा डबा आणायला गेलो, तर दुकानात औषध खात्याचे निरीक्षक. खोट्या दाव्यांबद्दल त्यांनी माल जप्त केला होता, नमुने तपासणीसाठी बाजूला काढले होते. दुकानदार त्यांना ऋषिमुनींची थोरवी सांगत होता. काकांना राहवलं नाही. सरकारी माणूस समोर असल्याने ते एकदम शुद्ध भाषेत शिरले.

"साहेब, पुरावा मी आहे."

आणि भर दुकानात त्यांनी उठाबशा काढून दाखवल्या.

निरीक्षकांनी गुडघ्यांकडे पाहिलंच नाही. "चेहरा असा कधीपासून सुजलाय?" त्यांनी विचारलं.

काकांना हा उघड अपमान वाटला. निरीक्षकांनी मला बाजूला घेऊन बजावलं, की चूर्ण मनाने एकदम थांबवू नका, आजच डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. मधुमेह मुळापासून बरा करणाऱ्या चूर्णाने काकांना, पूर्वी कधी नव्हती एवढी, साखर दिली होती. यात स्टिरॉइड असणार, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी हळूहळू, स्टिरॉइडच्याच गोळ्यांचं प्रमाण उतरवत, काकांना त्यातून सोडवलं. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तोच आला. केमिकल नको म्हणून काकांनी महिनोन्‌महिने केमिकलच खाल्लं होतं.

मी त्यांना हे सांगितलं.

"म्हणजे औषधात औषध होता," ते म्हणाले. "मगे फसवणूक खंय झाली?"

त्यानंतर जरा हळू आवाजात, "पायऱ्यो चढलंय गो मी."

आता ते डॉक्टरांच्या गोळ्या घेतात आणि पहिल्या पायरीवर बसून देवाला हात जोडतात. दुकानदारावर खटला चालू आहे. तो जामिनावर सुटून तेल विकतो. कायद्याची जरब एवढी बसली आहे, की बाटलीवर एक अक्षर छापत नाही. सगळे आजार तोंडी सांगतो.