आजीच्या कार्डावर काकूच्या बिड्या

“एका घरात एकच कार्ड बस आहे वं, तुले वेगळं काहाले पाह्यजे?” मी शाळेत असताना, ऐंशीच्या दशकात, आजी काकूला म्हणाली होती.

विधवा काकू दिवसभर बिड्या वळायची. संध्याकाळी मी त्या बिड्या कारखान्यात नेऊन आजीच्या कामगार कार्डावर नोंदवून आणायचे. आजी गेली, कार्डावर जमलेला फंड बाबांना मिळाला, त्यातून घर पक्कं झालं. वर्षभरात काकू भाड्याच्या खोलीत राहायला गेली. कोणी अडवलं नाही, मीही नाही.

आज रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात रक्त तपासायला गेले, तर समोर काकू फरशी पुसत होती. सत्तरी ओलांडलेली.

“काकू, या वयात काहून गं?”

“पेन्शन कार्डवालीले भेटते. अन् कार्डवाली तं वर जाऊन बसली,” ती हसली. “पाय उचल वं, ओलं आहे.”

मी पाय उचलले.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही घरात कोणाच्या तरी कष्टांवर दुसऱ्याचं नाव होतं का?

दादा, तूही या ग्रुपमध्ये आहेस. बाबांचं घर आता तुझ्या नावावर आहे. मागची खोली काकूच्या नावावर करून दे. तू नाही म्हणशील, ठाऊक आहे. तरी सगळ्यांसमोर मागते.