पिनॉकची धून

"श्री. युस्टस पिनॉक. जन्म जमैका, वास्तव्य बर्मिंगहॅम. ओतशाळेतून निवृत्त. रेगे वाद्यवृंदात बास गिटारवादक. शेजाऱ्यांशी संबंध सलोख्याचे." आमच्या चर्चने सत्कारासाठी छापलेला हा परिचय.

त्याची सर्वांत गाजलेली धून लिनव्हल ग्रँटने पळवली. लिनव्हल कपाटाएवढे स्पीकर लावून नाच भरवायचा. आपण काय वाजवतो ते प्रतिस्पर्ध्याला कळू नये, म्हणून तबकडीवरचं नाव खरवडून टाकायची आमच्याकडे सगळ्यांचीच रीत. लिनव्हलने पिनॉकचं नाव खरवडलं आणि विचारणाऱ्याला स्वतःचं सांगितलं.

"मनावर घेऊ नकोस, पिनॉकदादा. धंद्याची रीतच आहे ती," लिनव्हल म्हणाला.

"खरवडायची रीत आहे रे. दुसऱ्याच्या पोराचं बारसं करायची नाही."

मग पिनॉकने तीच धून पुन्हा वाजवली, तिच्यावर 'लिनव्हल चोर, धून पिनॉकची' असं गाणं गाऊन घेतलं आणि ती तबकडी लिनव्हलच्या प्रतिस्पर्ध्याला दिली. रविवारी दुपारी लिनव्हल आणि त्या प्रतिस्पर्ध्याचा सामना होता: आळीपाळीने तबकड्या लावायच्या, लोकांची दाद जास्त मिळेल तो जिंकला. गाणं आवडलं की आमचे लोक भिंती बडवतात आणि ते पहिल्यापासून लावावं लागतं. त्या दुपारी भिंतीचं प्लास्टर पडलं.

"लिनव्हल, आता गाण्यातलं नाव खरवडून दाखव की!" गर्दीतून आमच्या गल्लीतली डोरकासमावशी ओरडली.

लिनव्हलने स्पीकर गाडीत भरले. पुन्हा त्याने कधी नाच भरवला नाही.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. लिनव्हल अजून पिनॉकच्या समोरच्याच घरात राहतो. पिनॉक रोज खिडकी उघडी ठेवून तीच धून वाजवतो.