चार नंबरला कोण?

आमच्या अव्वांना क्रिकेटचा नाद लागला तो साठी उलटल्यावर, आणि तोही गुडघ्यांमुळं. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर उदगीरचं, त्यामुळं आईला अव्वा म्हणायची रीत त्या लातूरला सोबत घेऊन आल्या. आता घरातली नातवंडंच काय, गल्लीतला दूधवाला पण त्यांना अव्वाच म्हणतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या पाच-सहा दिवस दवाखान्यात होत्या. खोलीतल्या टीव्हीच्या रिमोटचं एकच बटण चालायचं, आवाजाचं. आणि टीव्हीवर कसोटी सामना लागलेला. पहिल्या दिवशी अव्वा वैतागल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हे बरं हाय गं. माझ्याइतकंच हळू चालायलंय." पाचव्या दिवशी डॉक्टर घरी सोडायला आले, तर अव्वा म्हणाल्या, "चहापानापर्यंत थांबा."

तेव्हापासून त्या संघात दोन पोरं अव्वांची होती. तसे सगळ्या देशाचेच ते दोन दिग्गज फलंदाज, पण अव्वा त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायच्या, जणू माझ्या नवऱ्याच्या आधी झालेले. थोरला शून्यावर बाद झाला की त्या दिवशी आमच्या वरणाला फोडणी नसायची.

मग एका वर्षी उन्हाळ्यात दोघांनीही पाठोपाठ कसोटीतून निवृत्ती जाहीर केली. मी शाळेतून आले तर टीव्हीवर चादर टाकलेली. मला वाटलं, टीव्ही बिघडला. अव्वा म्हणाल्या, "टीव्ही चांगला हाय. आता त्यात बघायचं काय?"

दोन दिवस चादर तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी अव्वांनी माझ्याकडं एक कोरी वही मागितली. मी शाळेत विज्ञान शिकवते, वह्यांना तोटा नाही. त्यांनी पहिल्या पानावर विभूतीचं बोट टेकवलं आणि खाली लिहिलं, 'पुढं कोण.'

नव्या पोरांची नावं काही अव्वांच्या लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. एक होता घाईवाला, डावखुरा, पहिल्या चेंडूपासून बॅट फिरवणारा. एक वाकणारा, उजव्या हातानं खेळणारा, चेंडू येईपर्यंत इतका वाकायचा की अव्वांना त्याच्या पाठीची काळजी वाटायची. आणखी एकाला त्या 'आभाळाकडं बघणारा' म्हणायच्या. प्रत्येकाला एक पान. पानावर आहार, स्वभाव, घाई किती, बाहेरच्या चेंडूला हात लावतो का, असले रकाने. मी म्हटलं, "अव्वा, हे तर स्थळं बघितल्यासारखं झालं." त्या म्हणाल्या, "मग? घरात सून आणताना इतकं बघतोत. हितं तर सगळा देश त्यांच्या हातात जायलाय."

सगळ्यात मोठी अडचण चार नंबरची होती. धाकटा तिथंच खेळायचा. आमच्या दारात जो येईल त्याला अव्वा चहाच्या आधी विचारायच्या, "चार नंबरला कोण?" गॅसवाल्यानं सिलिंडर खांद्यावर असतानाच दोन नावं सुचवली. लग्नकार्य, पूजा सांगणारे आमचे जंगम स्वामी घरी आले, त्यांनाही सोडलं नाही. ते डोळे मिटून म्हणाले, "महादेवाची इच्छा." अव्वा म्हणाल्या, "महादेव निवड समितीत न्हाई, स्वामी. तुमचं सांगा." स्वामी पुढच्या वेळी आले ते दोन पर्याय तयार ठेवून.

आणि ह्याच दिवसांत माझ्या नणंदेच्या मुलीला स्थळ आलं.

नणंद नांदेडला असते. तिची मुलगी तिथल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, शांत, हसरी, चष्म्यातून माणसाला पूर्ण वाचून काढणारी. मुलगा जनावरांचा डॉक्टर, नेमणूक रेणापूरला, आईवडील मुरुडला. वडिलांचं शेतीच्या अवजारांचं दुकान. सगळ्यांना मध्ये पडतं म्हणून बघण्याचा कार्यक्रम आमच्या घरी लातूरला ठरला. रविवार ठरला. वेळ काय द्यायची, हे नणंदेनं फोनवर विचारलं, तर अव्वांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"साडेपाच. साडेपाचला लंच होतो."

"अव्वा, साडेपाचला कुठला लंच?" नणंद म्हणाली.

"विलायतेत होतो."

सामना विलायतेत होता आणि तो दिवस चौथा होता. चाळीस मिनिटांचा लंच, तेवढ्यात मुलगा बघून, सुशीला खाऊ घालून, चहा पाजून पाहुणे वाटेला लावायचे, असा अव्वांचा इंतजाम होता. सुशीला म्हणजे आमच्याकडचे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचे पोहे म्हणा. नणंदेच्या मुलीच्या हातचा तो फार चांगला होतो.

साडेपाच झाले, सहा झाले. पाहुणे नाहीत. सव्वासहाला फोन आला की रेणापूरजवळ एक म्हैस विताना अडली होती, डॉक्टरांना जावं लागलं, आता निघालोच आहोत. अव्वांनी घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "म्हशीला पण आजच सुचलं." लंच संपून खेळ सुरू झाला होता. वाकणारा आणि घाईवाला दोघंही मैदानात होते.

टीव्ही आतल्या खोलीत आणि पाहुणे बाहेरच्या. पाहुण्यांसमोर टीव्ही लावायचा नाही, असं माझ्या नवऱ्यानं हात जोडून सांगितलं होतं. अव्वांनी ते ऐकलं. फक्त आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट त्यांनी थोडं उघडं ठेवलं. त्या कपाटाच्या दाराला आरसा आहे. बाहेरच्या खोलीत ठरावीक खुर्चीवर, ठरावीक तिरकं बसलं, की त्या आरशात टीव्ही दिसतो. आवाज बंद. अव्वा बरोब्बर त्याच खुर्चीवर जाऊन बसल्या.

पावणेसातला पाहुणे आले. मुलगा उंच, सावळा, जरा अवघडलेला. हात कोपरापर्यंत घासून धुतलेले, तरी फिनेलचा वास येतच होता. मुलाच्या आई समजूतदार दिसल्या. वडील बसले ते अव्वांच्या समोर, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आणि मांडीवर हातरुमाल. रुमालाखाली त्यांचा हात सारखा हलत होता. मला वाटलं, माळ जपत असतील.

पंधरा मिनिटं नेहमीचं बोलणं झालं. पाऊस, रस्ते, म्हशीला रेडा झाला की वगार झाली. वगार झाली होती. अव्वा हो-हो म्हणत होत्या आणि पाहुण्यांच्या कानाच्या बाजूनं आत बघत होत्या. मधूनच त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसायचं. एकदा त्या माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "अगं, घाईवाला लई सुधारला. किती सबुरीनं खेळायलाय! आणि वाकणाऱ्याला काय झालं कुणास ठाऊक, सुटलाय नुसता."

तेवढ्यात मुलगी सुशीलाचा ट्रे घेऊन बाहेर आली. ती मुलासमोर वाकली आणि त्याच क्षणी मुलाचे वडील ओरडले, "गेला!"

मुलगी दचकली. ट्रे कलंडला. एक अख्खी बशी मुलाच्या पँटवर गेली, मिरच्या, शेंगदाणे, कोथिंबिरीसकट. माझा नवरा उठून उभा राहिला. कोण गेलं, कुठं गेलं, कुणालाच कळेना. मुलाच्या आईंनी कपाळाला हात लावला आणि नवऱ्याच्या मांडीवरचा रुमाल ओढून काढला. खाली मोबाइल होता. मोबाइलवर स्कोअर होता.

मुलगा मात्र शांतपणे पँटवरचे मुरमुरे बशीत गोळा करत होता. मुलीनं सॉरी म्हटलं, तर म्हणाला, "असू द्या. दुपारपासून माझ्या अंगावर काय काय सांडलंय. हे त्यातलं सगळ्यात चांगलं आहे."

पण अव्वांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्या मुलाच्या वडिलांकडं टक लावून बघत होत्या, जणू हरवलेला भाऊ सापडला.

"उजवा गेला की न्हाई?" त्यांनी विचारलं.

"न्हाई हो, डावखुरा गेला," पाहुणे म्हणाले.

"उजवा गेला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"अव्वा, हितं लिहून आलंय. डावखुरा गेला, झेलबाद."

"लिहिणाऱ्याचं चुकलं आसंल."

मग जे सुरू झालं त्याला मुलगी बघणं म्हणता येणार नाही. पाहुण्यांचं म्हणणं, त्या दोघांना जाऊच द्यायला नको होतं, हात धरून बसवायला पाहिजे होतं, आता पुढची दहा वर्षं अंधार. अव्वांचं म्हणणं, नव्या पोरांना वेळ द्या, आणि आजपासून माझा चार नंबर घाईवाला, कारण त्याला अक्कल आली. "अहो, कोण घाईवाला?" पाहुण्यांनी विचारलं. अव्वांनी वही मागवली, घाईवाल्याच्या पानावर चार नंबर लिहिला आणि ती पुढं केली. वही बघून पाहुणे गहिवरले. "आहार पण लिहिलात?" ते म्हणाले.

मग अव्वांना आठवलं की आपण मुलगा बघायला बसलो आहोत. त्या त्याच्याकडं वळल्या. "डॉक्टर, तुम्ही सांगा. चार नंबरला कोण?"

मुलानं मान वर केली. "कशाच्या चार नंबरला?"

त्याच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. "घरात सगळे संस्कार केले हो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "हे एकच राहून गेलं." मग आशेनं मुलीकडं वळले. "पोरी, तू तरी?"

"मला त्यातलं काही कळत नाही, काका," ती म्हणाली. "आजोळी सामना सुरू झाला की मी पुस्तक घेऊन गच्चीवर जाते."

मुलगा पहिल्यांदाच मोकळा हसला. "गच्ची कुठंय?" त्यानं विचारलं.

मुलाच्या आई लगेच म्हणाल्या, "जा, जा, दोघं बोलून घ्या," आणि त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की आम्ही दोघी त्याच मिनिटाला मैत्रिणी झालो.

ती दोघं वर गेली. अव्वा आणि पाहुणे उठून आत टीव्हीसमोर गेले, वादाचा निकाल लावायला. मी चहा घेऊन गेले तेव्हा पडद्यावर वाकणारा खेळत होता. उजव्या हातानं, कमरेत वाकून, अगदी सबुरीनं. अव्वा टीव्हीकडं बघत, मग वळून आरशाकडं बघत. आरशात तोच माणूस डाव्या हातानं खेळत होता.

मी कपाळावर हात मारला. आरशात डाव्या-उजव्याची अदलाबदल होते, हा धडा मी दर वर्षी शिकवते. पाठ्यपुस्तकात चित्र आहे, मुलांना रुग्णवाहिकेवरची उलटी अक्षरं दाखवते, परीक्षेत दोन मार्कांना विचारते. आणि घरात तासभर डोळ्यांसमोर चालू होतं तर माझ्या डोक्यात आलं नाही. अव्वांना जो सुधारलेला घाईवाला वाटत होता तो पहिल्यापासून वाकणाराच होता. आणि सुटलेला, बाद झालेला, तो घाईवाला. तो कणभरही सुधारला नव्हता.

मी हे समजावून सांगितलं. पाहुणे सभ्य माणूस, ते हसले नाहीत, फक्त रुमाल तोंडाला लावला आणि खांदे हलवत राहिले. अव्वांनी वहीतला घाईवाल्याचा चार नंबर खोडला.

"आरशात लई गुणाचा दिसत होता," त्या म्हणाल्या.

चहापान झालं, तेव्हा आठ वाजून गेले होते. मग माझ्या नणंदेला आठवण झाली की वर गच्चीवर दोन माणसं आहेत. आम्ही त्यांना विसरलोच होतो. ती हाक मारायला निघाली तर दोघं जिन्यावरून उतरतच होती, खाली येईपर्यंत बोलत. विषय, उंदरांनी कुरतडलेली पुस्तकं आणि उंदरांवर काय औषध चालतं. मुलगी म्हणाली, "आई, आमचं ठरलं. पण एक अट आहे."

"कसली अट?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"घरात टीव्ही नको," दोघांनी एकदमच सांगितलं.

माझ्या नवऱ्याला ही अट इतकी आवडली की त्यानं दोघांना मिठीच मारली. मुरुडच्या पाहुण्यांचा चेहरा पडला, तर अव्वांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "फिकीर करू नका. तुम्ही हितं येत जावा."

लग्नाच्या तारखेसाठी जंगम स्वामी पंचांग घेऊन बसले आणि मुरुडचे व्याही दौऱ्याचं वेळापत्रक घेऊन. स्वामींनी मुहूर्त सांगायचा, व्याह्यांनी बोट फिरवत म्हणायचं, "दुसरा दिवस हाय, पुढचं बघा." सहावा मुहूर्त कुठं जमला. लग्न नांदेडला झालं आणि छान झालं.

तेव्हापासून कसोटीच्या पहिल्या दिवशी व्याही सकाळी मुरुडहून निघतात. विहीणबाई पण येतात, पण त्या स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसतात. आम्ही दोघी शेंगा निवडत जगाचं बोलतो, आतून आरडाओरडा झाला की मान वर करून बघत नाही.

मागच्या हिवाळ्यात आपल्याच देशात, आपल्याच खेळपट्टीवर, जेवणाची सुट्टी व्हायच्या आत आपली वरची सगळी फळी तंबूत गेली. त्या दिवशी आत इतकं शांत होतं की मला भीती वाटली. मी डोकावले. दोघं शेजारी शेजारी खुर्चीवर, हात मांडीवर. टीव्हीवर माजी खेळाडू काहीबाही सांगत होते. व्याही म्हणाले, "अव्वा, थोरल्याला फोन करून बोलावता येत न्हाई का हो परत?"

"कशाला?" अव्वा म्हणाल्या. "त्यानं लई केलं. आता त्याला घरी खाऊ द्या गरम गरम."

मग त्यांनी मला हाक मारून दोन ताटं वाढायला सांगितली. मी वरणाला फोडणी द्यायची की नाही ते विचारलं. त्या व्याह्यांकडं बघून म्हणाल्या, "दे गं. पोरं शिकायलीत."